पंखावर उमटलेली वीण

नांदुऱ्यात अजूनही काही लोक सांगतात की ते पांढरं विमान मिस्त्रींच्या कच्च्या कामामुळे वाकलं. ते खरं नाही. ते माझ्यामुळे वाकलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि एवढं एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. आता लिहिलंच आहे तर मागचंपुढचं सगळं सांगतो, म्हणजे कुणाला मध्ये आपल्या पदरचं घालायला जागा राहणार नाही.

माझी नोकरी जिनिंगमधली. कापसातून सरकी वेगळी करून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात मी चाळीस वर्षं गंज्यांवर देखरेख केली. गंजी म्हणजे उघड्या मैदानात रचलेला कापसाचा डोंगर. आगीची भीती वेगळी, पण गंजीचे रोजचे वैरी दोन, वारा आणि पाणी. त्यांच्यावर आमचा उपाय ठरलेला असे. काळी ताडपत्री चारही बाजूंनी ताणून बांधायची, कडा दोरांनी आवळायच्या आणि वर रेतीनं भरलेल्या चुंगड्या, म्हणजे पोती, ठेवायच्या. वाऱ्याला बोट घालायलाही जागा द्यायची नाही. चाळीस वर्षांत माझी ताडपत्री एकदाही उडाली नाही. आमच्यासारख्याला अभिमान वाटायला एवढं पुरतं.

निवृत्तीनंतर घरी बसवेना. त्या सुमारास गावाबाहेर काही हौशी मंडळींनी मुरमाची धावपट्टी करून लहानसा विमान क्लब काढला होता. तिथं मी देखरेखीला राहिलो. विमान एकच, दोन माणसांचं, आणि ते होतं मॅडमचं. मॅडम बुलडाण्याच्या, शिक्षकाच्या घरातल्या. बाहेर राहून वैमानिक झाल्या आणि आपल्या भागातल्या पोरापोरींना उडायला शिकवायचं, या हट्टापायी परत आल्या. त्यांचं विमान पत्र्याचं नव्हतं. काचेच्या धाग्याचं कापड रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर देऊन घडवलेलं होतं. आपल्या भाषेत, फायबरचं. पहिल्याच दिवशी बघायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्यावर टकटक करून विचारलं, "मॅडम, हे तं आमच्या टाकीवानी वाजते. पानी किती मावते याच्यात?"

"पाणी मावलं तर मी मेले, काका," मॅडम हसून म्हणाल्या.

ते त्यांनी गमतीत म्हटलं असलं तरी खरंच होतं, हे मला पुढे कळलं.

विमान आत ठेवायला शेड होती, पण तिचं दार विमानाच्या पंखांपेक्षा अरुंद होतं. बांधणाऱ्यानं ट्रक डोळ्यांसमोर ठेवून माप घेतलं होतं. त्यामुळे विमान बारा महिने बाहेर, उघड्यावर. त्याच्यासाठी मॅडमनी एक कागद लिहून शेडच्या भिंतीवर लावला होता. विमानावर फक्त पांढऱ्या कापडाचं आवरण घालायचं, तेही सैल, खालून हवा खेळेल असं. प्लास्टिक किंवा काळं काही घालायचं नाही. दोर खुंट्यांना बांधायचे, पण थोडी ढील ठेवून. पाणी निचरायला पंखांच्या खाली ठेवलेली बारीक भोकं रोज बघायची. आणि शेवटची ओळ लाल शाईत होती: पंखावर वजन ठेवायचं नाही. त्याशिवाय एक वही होती. तिच्यात दिवसाची एक ओळ, तीन वेळचं पंखाचं तापमान आणि विमानावर काय आवरण आहे ते लिहायचं. ती वही माझ्याकडे होती. माझं अक्षर चांगलं म्हणून.

फायबरची डागडुजी करायला मिस्त्री होते. धाडजवळच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तरुणपणी कुठल्याशा बंदरावर फायबरच्या होड्या करायच्या कारखान्यात होते. मग परत येऊन नांदुऱ्यात खोली घेतली आणि पाण्याच्या टाक्या, ट्रॅक्टरची बॉनेटं, मोटारींचे बंपर असलं काम धरलं. तालुक्यात फायबरचं काही फुटलं की लोक त्यांनाच हाक मारायचे. ते मला बाबूजी म्हणत. मी त्यांना मिस्त्रीच म्हणत असे.

पहिला हिवाळा आम्हा दोघांना शिकण्यात गेला. डिसेंबरात सकाळी विमान दवानं असं भिजलेलं असायचं की पंखाखालून थेंब गळत. एकदा पंख हलवला तर आत पाणी खळखळलं. मिस्त्री खाली आडवे झाले आणि काडीनं एक भोक कोरू लागले. कुंभारमाशीनं भोकात मातीचं घर केलं होतं.

"पाहा बाबूजी, हिले आपल्या आधी फ्लॅट भेटला," ते म्हणाले. पाणी त्यांच्या मनगटावरून वाहत होतं. तेव्हापासून भोकं बघायचं काम आम्ही वाटून घेतलं. डावा पंख माझा, उजवा त्यांचा. सूर्य वर आला की थंड पंख तापू लागे आणि आतून टिक टिक असा बारीक आवाज येई. मिस्त्री म्हणायचे, "इमान उठून राह्यलं."

त्याच महिन्यात थंडीच्या भीतीनं विमान एका कडेनं तरी शेडमध्ये घुसवता येतं का, हे बघायचा खटाटोप आम्ही केला आणि उजव्या पंखाला दाराची चौकट लागली. हातभर लांबीची चीर पडली. मिस्त्रींनी तो भाग घासून घेतला, रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर वजनकाट्यावर मोजून मिसळला आणि कापडाचे थर बसवून जोड दिला. पण रेझिनला घट्ट व्हायला ऊब लागते आणि पहाटे पारा आठवर यायचा. मग त्यांनी पंखाभोवती बांबूची चौकट उभी केली, आत शंभराचे दोन बल्ब लावले आणि वरून घरची वाकळ पांघरली. बायकोनं जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड वाकळ होती ती. दोन दिवस ते तिथून हलले नाहीत. दर तासाला हात आत घालून बघायचे.

"बाळंतिणीची खोलीच केली की तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"हाव मॅडम. फक्त डिंकाचे लाडू कोणी आणून नाही राह्यलं."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खरंच लाडू आणले. वाकळीच्या आतलं तापमान मी माझ्या हातानं वहीत लिहिलं. ती दुरुस्ती कशी झाली हे मी पाहिलेलं आहे. म्हणूनच हे विसरणं मला कधी जमलं नाही.

मार्चअखेर ऊन चढलं. एका दुपारी मी मॅडमना म्हणालो की हे कापडबिपड वाऱ्यात टिकायचं नाही, जिनिंगमधून चांगली ताडपत्री आणतो. मॅडमनी मान हलवली. मिस्त्री जवळच्या टपरीवर गेले आणि गुळाचा खडा घेऊन आले. तो त्यांनी विमानाशेजारी एका लोखंडी पट्टीवर ठेवला आणि वर दगड ठेवला. तासाभरानं दगड गुळात रुतला होता.

"रेझिन म्हंजे गूळ, बाबूजी. थंडीत दगड. उन्हात त्याले जास्त तापवलं का नरम. अन् नरम असतानी दाबलं का थंड झाल्यावर तसंच राह्यते, वाकलेलं. पांढरं काऊन ठेवतात? ऊन परत फिरावं म्हनून. काळ्याखाली टाकलं तं भट्टी झाली ना."

"समजलं," मी म्हणालो. समजलं होतंच. पण मनात म्हणालो, टाक्या करणारा माणूस मला ताडपत्री शिकवतो.

एप्रिलच्या शेवटी मॅडमच्या आई आजारी पडल्या आणि मॅडम महिन्याभरासाठी बुलडाण्याला गेल्या. मेमध्ये मिस्त्रींच्या मुलीचं लग्न होतं. ते बारा दिवसांसाठी गावी निघाले. जाताना उजव्या पंखाची भोकं मला दाखवून गेले. "हे तुमच्यावर सोडून चाललो. लग्नाले या, बाबूजी."

मी गेलो नाही. विमानाची जबाबदारी आहे, असं सांगितलं.

ते गेले त्याच संध्याकाळी वावटळ आली. पश्चिमेकडून धुळीची भिंतच चालून आल्यासारखं झालं. पांढरं आवरण शिवणीत फाटलं आणि फडफडत पंखाला चाबकासारखं बसू लागलं. मी एकटा धरून उभा राहिलो. वारा थांबला तेव्हा आवरणाच्या चिंध्या झाल्या होत्या. मी फार घाबरलो होतो, हेही लिहितो. घाबरलेला माणूस त्याला जे येतं तेच करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगमधून ट्रॅक्टरवर ताडपत्री आणली. सोबत दोन हमाल होते, पलीकडच्या मध्य प्रदेशातले. हंगाम संपून ते गावी निघालेच होते. आम्ही विमान गंजीसारखं बांधलं. काळी ताडपत्री ताणून, कडा आवळून. आणि वारा पश्चिमेचा म्हणून उजव्या पंखावर रेतीच्या चार चुंगड्या ठेवल्या. हमालांपैकी एकजण म्हणाला, "बाबूजी, अब तो आँधी का बाप भी नहीं उड़ाएगा." मला बरं वाटलं.

मॅडमना फोन केला नाही. त्या दवाखान्यात असतील, कशाला त्रास, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्या नको म्हणाल्या असत्या.

नांदुऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या खाली राहिला तर लोक एकमेकांना सांगतात. चौथ्या दिवशी दुपारी मी ताडपत्रीखाली हात घालून थर्मामीटर पंखावर ठेवला. थोड्या वेळानं काढला तर पारा साठच्या खुणेला टेकला होता. त्याच्या वर त्या काचेवर खूण नव्हती. पंखाला हात लावला आणि पोळला म्हणून मागे घेतला. मी शेडमध्ये गेलो, वही उघडली आणि लिहिलं: दुपारी तीन, अठ्ठेचाळीस. आवरण, पांढरं कापड.

तेव्हाच ताडपत्री काढायला हवी होती. नाही काढली. हवामान खात्यानं वादळाचा इशारा दिलेला होता. आणि खरं सांगायचं तर, ती काढली असती तर चार दिवस मी चुकलो हे मला मान्य करावं लागलं असतं. मी आणखी सात दिवस मान्य केलं नाही. अकरा दिवस ताडपत्री राहिली आणि अकरा दिवस मी वहीत पांढरं कापड लिहीत गेलो.

मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी पहाटे मी चुंगड्या उतरवल्या. त्या मला एकट्याला उचलेनात, म्हणून घमेल्यानं रेती उपसली. ताडपत्री ओढून काढली. उजव्या पंखाचं टोक डाव्यापेक्षा वीतभर खाली आलं होतं. दोर सैल करून पाहिले, खुंटे तपासले. टोक तिथंच. मग उन्हाची तिरीप पंखावर आली आणि मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. आरशासारख्या गुळगुळीत पंखावर कापडाची वीण उमटली होती. उभा धागा, आडवा धागा, स्पष्ट. रेझिन नरम होऊन आत बसलं होतं आणि खालचं काचेचं कापड वर दिसू लागलं होतं. सारी हयात कापसात गेलेला मी माणूस, वीण मला वाचता येते.

घरी बायकोनं फाटलेलं आवरण रात्रंदिवस खपून मशीनवर सांधलं होतं. ते मी पंखावर घातलं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी हाताला हळद लागलेली तशीच घेऊन आले, लग्नाचे बुंदीचे लाडू घेऊन. आवरण उचललं आणि लाडवांचा डबा त्यांच्या हातातच राहिला. बराच वेळ ते पंखावरून तळवा फिरवत होते.

"बाबूजी, ताडपत्री टाकली होती काय?"

"नाही."

"अन् ही रेती?"

"खुंट्यांच्या बुडाशी टाकायला आणली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. संशय नव्हता. बाबूजी नाही म्हणाले, म्हणजे नाही. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं, आणि त्यांनी दोष स्वतःच्या माथी घेतला, हे मला तिथंच दिसलं.

आठवड्यानं मॅडम एका तपासनीस इंजिनियरला घेऊन आल्या. त्यानं पंख पाहिला, वही चाळली. माझं अक्षर सुंदर, नोंदी नियमित. "तापमान तर फार गेलेलं नाही. दुरुस्ती याच पंखाला झाली होती ना? मग मिश्रणातच कमी-जास्त झालं असणार. पंख बाद," एवढं म्हणून तो गाडीत बसला.

मॅडमनी मिस्त्रींना विचारलं. रागानं नव्हे, अगदी हळू. "तुम्हाला काय वाटतं?"

"असंल मॅडम," मिस्त्री म्हणाले. "मानसाचाच हात हाय." मग म्हणाले, "तुम्ही वर असत्या अन् हे झालं असतं तं?"

मी चार पावलांवर उभा होतो.

मॅडमनी विमान सुटं करून नेलं. बाद पंख शेडच्या मागे पडून राहिला. क्लबही त्या वर्षी मोडला आणि मॅडम दूरच्या एका ठिकाणी शिकवायला गेल्या. गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले नाहीत. मिस्त्रींच्या कामाबद्दल वाईट बोललेलं पटायला लोकांना फारसा पुरावा लागला नाही. वही माझ्यासारख्या घरातल्या माणसानं लिहिलेली आणि हात त्यांच्यासारख्या घरातल्या माणसाचा. हे असं चालतं, हे मला माहीत होतं. माझ्या खोट्याला त्याचा आधार मिळाला. मी तो घेतला. टाक्यांचं काम आटलं. वर्षाच्या आत मिस्त्री खोली सोडून गावी गेले.

मागच्या डिसेंबरात मी बाजारात हार्डवेअरच्या दुकानात उभा होतो. एकजण टाकी फुटली म्हणून कुणी मिस्त्री आहे का विचारत होता. दुकानदार हसला. "पहिले होता एक धाडकडचा. पण त्याले नोको बोलावू बे. त्याच्या हातानं इमान वाकलं. तुही टाकी तं काय, कुल्फी होईन."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि घरी आलो. बायकोला सांगितलं. तिला ताडपत्रीचं पहिल्यापासून माहीत होतं. सहा वर्षांत तिनं तीनदाच विषय काढला होता. या वेळी तिनं भाकरी थापायची थांबवली. "मी शिवलेलं कापड तुम्ही तुमच्या खोट्यावर पांघरलं," ती म्हणाली. "जा आता. उद्याच जा. आपल्याले काही लई दिवस नाहीत."

मोताळ्यावरून घाट चढून बुलडाणा, तिथून धाडची बस, पुढे जीप. गावात विचारलं तर फायबरचे मिस्त्री कुणाला ठाऊक नव्हते. पिठाच्या गिरणीवाले म्हटल्यावर पोरांनी बोट दाखवलं. मिस्त्री दारातच होते, पिठानं भुवयांपर्यंत पांढरे.

"बाबूजी! या, या. सांगायचं तरी, ष्ट्यांडवर आलो असतो." त्यांनी गिरणी बंद केली. स्टूल पुसून दिलं. बायकोला हाक मारली, "चहा ठेव वं, नांदुऱ्याचे बाबूजी आले."

मी म्हणालो, चहा नंतर. आधी ऐका. आणि उभ्यानंच सांगितलं. वावटळ, ताडपत्री, चुंगड्या, साठचा पारा, वही. संपल्यावर त्यांनी विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"चुंगड्या किती?"

"चार."

"कोन्या पंखावर?"

"उजव्या."

"जोडाच्या आत का बाहेर?"

मी आठवलं. "बाहेर. टोकाकडे. जोड सोडून हातभर."

"अन् किती दिवस?"

"अकरा."

ते हिशेब केल्यासारखे जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी मांडवात होतो तवा." आणि उठून आत गेले. मला वाटलं आता येणार नाहीत. आले तेव्हा हातात प्लास्टिकचा चहाचा ग्लास होता. त्यात तळाशी पिवळट, काचेसारखं काही गोठलेलं. कडेला पेनानं डिसेंबरातली तारीख.

"प्रत्येक कामाचं उरलेलं रेझिन मी असं ठेवायचो. घट्ट होते का नाही पाहाले. हे त्या पंखाचं हाय." त्यांनी ते दगडी उंबऱ्यावर आपटलं. खण्ण वाजलं. "सहा वर्षं पाहून राह्यलो याले. उन्हात ठेवलं, पान्यात ठेवलं. हे दगडावानी हाय. मंग पंख काऊन वाकला? म्हनलं, वजनकाट्यात चूक झाली असंल. म्हनलं, वरचं चांगलं अन् खालचं कच्चं राह्यलं असंल. झोपेत मॅडमले पडतानी पाह्यलं मी, बाबूजी. किती खेपा. म्हनून हात काढून घेतला त्या कामातून. लोकं बोलत होते म्हनून नाही. लोकं काय, बोलतच असतात."

मला वाटत होतं मी त्यांचं काम घालवलं, नाव घालवलं. सहा वर्षं मी तेवढंच मोजत होतो. माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी काढून घेतला होता, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. मी हात जोडले.

"ते हात खाली घ्या," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "माफबिफ मी काही नाही करत. तुम्हाले चहा पाजतो, तो येगळा विषय. पंख अजून हाय तिथी?"

"आहे."

"मंग येतो मी."

घरी आल्यावर मॅडमचा नंबर शोधून फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं असतं तर मी रागावले असते, आणि दुसरा पंख शोधला असता. एवढंच झालं असतं." पुढे त्यांनी फक्त मिस्त्रींचा नंबर मागितला.

पुढच्या रविवारी मिस्त्री आले. आम्ही दोघं शेडमागे गेलो. पंख बाभळीच्या झुडपात पडला होता. सहा पावसाळे, सहा उन्हाळे. पांढरा रंग खडूसारखा झाला होता, बोट लावलं की उतरत होता. बारीक भेगा पडल्या होत्या, पण वीण तशीच होती. मिस्त्रींनी खाली वाकून भोकं पाहिली.

"तुमची कुंभारीन राहाले आली, बाबूजी. आख्खं खानदान हाय."

मग ते म्हणाले, "मॅडमचा फोन आल्ता. लई वेळ बोलल्या. शेवटी म्हने, ती वाकळ अजून हाय का? म्हनलं, हाय. नातू झोपते तिच्यात." ते हसले. माझ्याकडे बघून नव्हे.

मी वही सोबत नेली होती. त्यांनी ती उघडायला लावली आणि मांडी घालून समोर बसले. अकरा दिवसांच्या प्रत्येक ओळीखाली मी लाल शाईनं लिहिलं: आवरण, काळी ताडपत्री, उजव्या पंखावर रेतीच्या चार चुंगड्या. चौथ्या दिवसापाशी अठ्ठेचाळीस खोडून साठ लिहिलं आणि पुढे, "त्याहून जास्त, थर्मामीटर संपला" असं. ते प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावत होते. नवव्या ओळीशी मी थांबलो. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "दोन राह्यल्या."

ती वही आता हार्डवेअरच्या त्या दुकानात आहे. मी दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवली आणि तिथंच ठेवून आलो. ज्याला पाहायची त्यानं पाहावी.

त्या रविवारी शेडमागे अकराही ओळी वाचून झाल्यावर मिस्त्रींनी खिशातून नाणं काढलं आणि पंखावर वाजवत निघाले. फायबर आतून सुटलं असेल तर आवाज बसका येतो, धड असेल तर खणखणीत. टोकाकडे, जिथं माझ्या चुंगड्या होत्या, तिथं थप थप असा आवाज आला. ते सरकत सरकत आत आले. जोडाच्या जागी आले आणि थांबले. हात वर तसाच राहिला. मग त्यांनी नाणं माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही वाजवा."

मी गुडघ्यावर बसलो आणि वाजवलं. टण्. बोटभर सरकून पुन्हा. टण्. हातभर लांबीची ती जागा मी या कडेपासून त्या कडेपर्यंत वाजवली. कुठंही आवाज बसला नाही. मिस्त्रींनी कान पंखाला लावला होता. डोळे मिटलेले.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदाही. मग त्यांनी डोळे उघडले, कपड्यावरची पांढरी भुकटी झटकली आणि तळवा पुढे केला.

"नाणं माझं हाय, बाबूजी."